लिसेफ्योर्डचे ट्रेक: प्राइकेस्टोलन, शेराग आणि फ्लोर्ली कोणत्या क्रमाने करायचे आणि कुठे फसायला होतं

दर उन्हाळ्यात नॉर्वेत स्ताव्हांगरला आमच्याकडे कोणी ना कोणी येतंच. कधी पुण्या-ठाण्याहून पाहुणे, कधी जर्मनी-नेदरलँड्समध्ये नोकरीला असलेले मित्र विकेंडला, आणि वाक्य सगळ्यांचं एकच, "अरे जाऊन येऊन आठच किलोमीटर तर आहे, आपण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय." खरंय, पायांचा प्रश्न नसतोच, सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला प्राइकेस्टोलन या कड्याचा चढ काही फार नाही. घोळ प्लॅनमध्ये असतो. आधी विमान, मग हॉटेल, मग ठराविक तारखेचं बसचं तिकीट, आणि हवामान सगळ्यात शेवटी, तेही सकाळी खिडकीतून डोकावून. मग धुक्यात वर जायचं, पांढऱ्या भिंतीसमोर फोटो काढायचा आणि थरथरत खाली यायचं. हे इतक्यांदा बघितलंय की आता एकदाचं सगळं क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे लिंक पाठवली की काम झालं.

टप्पा १: तारखा नाही, दिवस राखून ठेवा

लिसेफ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा, साधारण ४२ किलोमीटर लांब आहे आणि मोठे ट्रेक याच्याच दोन्ही काठांवर आहेत, त्यामुळे मुक्काम बदलत बसायची गरज नाही, स्ताव्हांगर किंवा शेजारचं सँडनेस पकडून बसा. पण दोन ट्रेक करायचे असतील तर निदान चार दिवस हातात ठेवा. चारपैकी दोन दिवस पावसात जाणार असं धरूनच चला, हा नॉर्वेचा पश्चिम किनारा आहे, समुद्रावरून ढग आले की पहिले इथेच अडतात, आपल्याकडे घाटमाथ्यावर अडतात ना तसेच.

महिना कुठला घ्यायचा? प्राइकेस्टोलनसाठी मे ते सप्टेंबर सोयीचं. शेरागसाठी जून ते सप्टेंबर, त्याच्या आधी नको, कारण वर बर्फ असतो आणि तिकडे जाणारा डोंगररस्ता हिवाळ्यात बंद असतो, तो वसंतात उघडतात. ईस्टरच्या सुट्टीत शेराग करू म्हणून येणारे दर वर्षी भेटतात, त्यांना रस्ता बंदचा बोर्डच बघायला मिळतो.

तपासा: बस, बोट, भाड्याची गाडी यातलं जे काही बुक कराल त्यात तारीख बदलता येते का ते आधी वाचा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण बदलता येणारं तिकीट घ्या.

टप्पा २: कोण काय करणार हे घरीच ठरवा

ग्रुपमध्ये सगळ्यात हळू चालणाऱ्याकडे बघून ट्रेक ठरवायचा, सगळ्यात उत्साही माणसाकडे बघून नाही. अंदाजासाठी सांगतो.

प्राइकेस्टोलन म्हणजे फ्योर्डच्या पाण्यापासून ६०४ मीटर उंच असलेला, वर साधारण २५ बाय २५ मीटरचा सपाट कातळ. जायला चार, यायला चार किलोमीटर, निवांत वेळ धरून चार-पाच तास. चालायची सवय असलेली सात-आठ वर्षांची मुलं आरामात करतात.

शेराग ही वेगळीच भानगड आहे. लिहिताना इंग्रजी के अक्षराने लिहितात म्हणून आपले लोक क्येराग म्हणतात, पण बसमध्ये विचारायचं झालं तर शेराग म्हणा. जाऊन येऊन अकरा-बारा किलोमीटर, सहा ते आठ तास, तीन खडे कातळटप्पे आणि त्यावर धरायला साखळ्या. तो प्रसिद्ध अडकलेला धोंडा, शेरागबोल्टेन, फ्योर्डपासून ९८४ मीटरवर आहे आणि त्याच्याखाली काही म्हणजे काही नाही.

फ्लोर्लीला ४४४४ लाकडी पायऱ्या आहेत, जुन्या वीजकेंद्राच्या पाइपलाइनला लागून, थेट ७४० मीटरपर्यंत. तिथे गाडीरस्ता नाहीच, बोटीनेच जायचं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी याचं नावसुद्धा काढू नका.

आई-बाबा सोबत असतील आणि चढ जमणार नसेल तर त्यांना खाली पार्किंगमध्ये पाच तास ताटकळत ठेवू नका हो, हे फार लोक करतात. त्यांच्यासाठी स्ताव्हांगरच्या बंदरातून फ्योर्डची बोट असते, खालून तोच कडा दिसतो, धबधब्याच्या अगदी जवळ नेतात, बसायला आत उबदार जागा आणि कॉफी. एक सूचना त्यांना आधीच द्या, खालून प्राइकेस्टोलन अगदी छोटा दिसतो, "हाच का तो?" असं होतं.

टप्पा ३: सामान, म्हणजे मुख्यतः कपडे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा वेळ घालवतो. आपल्याला पावसाळी ट्रेकची सवय आहे. जुलैत राजमाचीला जायचं, चिंब भिजायचं, खाली येऊन कांदाभजी आणि चहा, मजाच असते, कारण तो पाऊस कोमट असतो. इथे जुलैत सुद्धा वर आठ-नऊ अंश आणि समुद्रावरून सुटलेला वारा असू शकतो, त्यात कपडे ओले झाले की अर्ध्या तासात बोटं जॅकेटची चेन ओढेनाशी होतात.

माझा मेहुणा सप्टेंबरमध्ये आला होता, जीन्स घालून, मी सांगूनही. पहिल्या तासात पावसाची एकच सर आली, दहा मिनिटांची असेल. नंतर ऊन पडलं तरी ती जीन्स काही वाळली नाही, मांड्यांना गार फडकं गुंडाळल्यासारखी चिकटून राहिली, पाऊल उचललं की कापड ओढायचं, आणि प्राइकेस्टोलनच्या वाटेवरच्या खिंडीच्या खाली एका दगडावर बसून तो जीन्स मुठीत धरून पिळत होता, अंगावर असतानाच, आणि खरंच धार लागत होती. तिथूनच परत फिरलो.

तर थर असे घाला. अंगाला लागून लोकरीचं पातळ इनर, नसेल तर सिंथेटिक ड्रायफिट, पण सुती बनियन नाही. त्यावर फ्लीस. त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, पोंचो नको, कड्याजवळ पोंचो शिडासारखा फुगतो. पँट पटकन वाळणारी, आणि बॅगेत वरून घालायची रेनपँट. टोपी आणि हातमोजे जुलैत सुद्धा. एक कोरडा टीशर्ट आणि मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, वर पोचल्यावर घामाचा टीशर्ट बदलला की फरक लगेच कळतो. हे सगळं इथे येऊन घ्यायचं म्हटलं तर खिसा रिकामा होतो, त्यामुळे तिकडूनच घेऊन या.

बूट घोट्यापर्यंतचे, खाली चांगली ग्रिप असलेले, आणि नवे कोरे नकोत. निदान पंधरा दिवस घालून फिरलेले हवेत.

खाणं घरूनच, वाटेत टपरी नाही, लिंबू सरबत नाही, ताक नाही. तेलातले मेथीचे ठेपले, चटणी, चिक्की मस्त चालतं. भारतातून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ बॅगेत आणू नका, युरोपबाहेरून ते आणायला बंदी आहे, पेढ्यांचा बॉक्स विमानतळावर टाकून द्यावा लागला की फार वाईट वाटतं. इथले लोक डोंगरावर संत्र आणि क्विक लुन्श नावाचं वेफर चॉकलेट नेतात, तेही घेऊन बघा. पाणी नळाचंच भरा, बाटलीबंद पाणी विकत घेणं म्हणजे इथे निव्वळ पैसे वाया. माणशी दीड लिटर, शेरागला दोन. शिवाय थर्मासमध्ये काहीतरी गरम.

बाकी हेडटॉर्च, पॉवरबँक, क्रेप बँडेज, फोडांसाठी प्लास्टर. जूनमध्ये सूर्य पावणेअकराच्या पुढे मावळतो त्यामुळे टॉर्च लागत नाही, पण सप्टेंबरच्या शेवटी सव्वासात-साडेसातलाच मावळतो, तेव्हा ती विसरलात तर पंचाईत.

टप्पा ४: आदल्या संध्याकाळी हवामान बघा, आणि नीट बघा

फोनमधलं नेहमीचं वेदर ॲप नको. इथे सगळे यर वापरतात, नॉर्वेच्या हवामान संस्थेचं आणि एनआरके या सरकारी प्रसारण कंपनीचं, फुकट आहे. आता चूक कुठे होते, तर लोक त्यात स्ताव्हांगर टाकतात. स्ताव्हांगर समुद्रसपाटीवर आहे. शेराग टाका, प्राइकेस्टोलन टाका, डोंगराच्या नावाने अंदाज मिळतो. हजार मीटर वर गेलात की सहा-सात अंश कमी होतात, खाली १५ असेल तर वर ८, आणि वारा असेल तर त्याहून गार वाटणार.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. इथे वारा मीटर प्रति सेकंदात देतात. आकडा १० दिसला की "दहाच तर आहे" म्हणून लोक निघतात, पण ३.६ ने गुणा, ते ताशी ३६ किलोमीटर झाले. शिवाय झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा, कारण कड्यावर माणूस ढकलला जातो तो झोताने. माझा नियम असा, झोत १२-१३ च्या वर असतील तर प्राइकेस्टोलनवर जायचं पण कडेला जायचं नाही, १५ च्या वर असतील तर निघायचंच नाही. शेरागला यातलं काही नाही, पाऊस किंवा जोराचा वारा यातलं एक जरी असेल तरी दिवस बदला. ओला ग्रॅनाइट म्हणजे साबण लावलेली फरशी.

तपासा: तासागणिक अंदाज बघा. दिवसभर पाऊस असं दिसत असलं तरी बरेचदा पाच-सहा तासांची कोरडी खिडकी असते, ट्रेक त्या खिडकीत बसवायचा.

टप्पा ५: आधी डाल्स्नुटेन, मग मोठे डोंगर

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच प्राइकेस्टोलन नको. सँडनेसजवळ डाल्स्नुटेन नावाची टेकडी आहे, ३२३ मीटर, निवांत गेलात तरी दोन तासांत जाऊन येता. ती करा. बूट कुठे चावतात, जॅकेटमधून वारा शिरतो का, मुलं किती चालतात, दगडांवर रंगवलेलं लाल टी हे इंग्रजी अक्षर कसं शोधायचं, सगळं तिथे कळतं. हा लाल टी म्हणजे इथल्या पर्यटन संघाची वाटेची खूण, संघ १८६८ पासूनचा आहे. कातळावर पायवाट उमटत नाही, त्यामुळे टी ते टी असंच जायचं, पुढचा दिसत नसेल तर मागच्या टीपाशी परत या आणि पुन्हा शोधा.

हो, वाटेवरचे दगडांचे ढीग ही सुद्धा खूण असते. आपल्या हौसेने नवे मनोरे रचत बसू नका, धुक्यात मागून येणारा चुकतो.

टप्पा ६: प्राइकेस्टोलन, टप्प्याटप्प्याने

जायचं कसं? जुने ब्लॉग वाचून अजून लोक मला विचारतात की ताऊ गावाची फेरीबोट किती वाजता आहे. ती गाडीफेरी बंद झाली. ३० डिसेंबर २०१९ ला रीफिल्के बोगदा सुरू झाला, १४ किलोमीटरहून लांब, समुद्राखाली २९२ मीटरपर्यंत उतरतो, आणि आता स्ताव्हांगरहून गाडीने पाऊण तासात पार्किंगला पोचता. सीझनमध्ये थेट बस असतात. टोल कॅमेऱ्याने आपोआप कापला जातो, भाड्याच्या गाडीचं बिल नंतर येतं, तेव्हा दचकू नका.

वेळ अशी धरा की सकाळी सातच्या आत चालायला लागाल, नाहीतर जून-जुलैत सरळ दुपारी चार-पाचनंतर. दहा ते तीनमध्ये तिथे गर्दी असते ती आपल्या शनिवार-रविवारच्या लोणावळ्यासारखी, पार्किंग भरतं आणि वर फोटोला रांग लागते. संध्याकाळी निघणारे फार कमी, उजेड भरपूर, मला तरी तोच वेळ आवडतो.

१. सुरुवातीलाच खडा चढ आहे. गार वाटतंय म्हणून सगळे जॅकेट घालून निघतात आणि वीस मिनिटांत घामाने आतून ओले होतात. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे, फ्लीस काढून बॅगेत टाका. टॉयलेटला इथेच जाऊन या, वर सोय नाही.

२. मग क्रोगाबेक्मीरा ही दलदलीची सपाटी, लाकडी फळ्यांवरून जायचं. फळ्या ओल्या असतील तर गुळगुळीत असतात. फोटोसाठी खाली उतरू नका, बूट घोट्यापर्यंत रुततो.

३. पुढे नेवरडाल्सस्कारे. स्कार म्हणजे खिंड, आणि सगळ्यात दमवणारा चढ हाच. मोठमोठ्या दगडांच्या पायऱ्या आहेत, त्या रचायला नेपाळहून शेर्पा आले होते, आणि काम इतकं चोख आहे की पावसातही दगड हलत नाही. एकदम वर पळू नका, मोजून चढा.

थांबा आणि तपासा: खिंडीच्या माथ्यावर बसून पाणी प्या आणि आकाश बघा. इथपर्यंत दीड तासाच्या वर गेला असेल, कोणी भिजलं असेल, किंवा ढग खाली उतरत असतील तर फिरायचं ठरवायला हीच जागा बरोबर. इथून पुढे वाट सोपी आहे, आणि त्यामुळेच लोक "आता आलोच" म्हणत खेचत राहतात. नॉर्वेचे डोंगरात वागायचे नऊ नियम आहेत, शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात, त्यातला आठवा असा की वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. आपल्याकडे मागे फिरलेल्याला वर्षभर चिडवतात, इथे तसं नाही.

४. च्योडनाने ही छोटी तळी. ऊन असेल तर लोक पोहतात, मी एकदा पाय घातला आणि लगेच काढला.

५. शेवटचा भाग कातळाच्या कडेकडेने. काही ठिकाणी वाट अरुंद आहे, मुलांना डोंगराच्या बाजूला ठेवा आणि समोरून येणाऱ्याला जाऊ द्या.

वर कठडा नाही, दोरी नाही, शिट्टी वाजवणारा गार्ड नाही. खाली बघायचं असेल तर कोकणकड्यावर बघतो तसं, कडेपासून दोन मीटर आधीच गुडघ्यावर या, बॅग मागे ठेवा, पोटावर झोपून पुढे सरका. पाय खाली सोडून बसलेले लोक दिसतील, त्यांचं बघून करू नका. सेल्फी स्टिक घेऊन मागे मागे सरकत जाणारा माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

वर थांबायचं तर आधी टीशर्ट बदला, मग फ्लीस, मग फोटो. बहुतेक जण उलट करतात, फोटोत अर्धा तास जातो आणि तोवर घाम गार होऊन थंडी भरते.

उतरताना घाई नको. दमलेले पाय आणि मोठ्या पायऱ्या, बहुतेक घोटे उतरतानाच मुरगळतात.

टप्पा ७: शेराग, आधीचं नीट झालं असेल तरच

प्राइकेस्टोलन करून दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या असतील तर एक दिवस मध्ये जाऊ द्या. सुरुवात ओयगार्डस्टोलनहून, ६४० मीटरवर. स्ताव्हांगरहून गाडीने दोन-सव्वादोन तास, रस्ता अरुंद आणि मेंढ्या बिनधास्त रस्त्यात बसलेल्या. फ्योर्डच्या टोकाच्या लिसेबोत्न गावाच्या बाजूने आलात तर २७ हेअरपिन वळणं आहेत, त्यातलं एक बोगद्यात, गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा. उन्हाळ्यात स्ताव्हांगरहून बस असते ती घेतलीत तर परतीची वेळ ठरलेली असते, ती धरून उलटं गणित करा: धोंड्यापाशी कितीही वाजले असले तरी परतीला निदान तीन तास हातात हवेत.

पहिला कातळटप्पा पार्किंगपासूनच सुरू होतो. साखळी एका हाताने धरा, तिच्यावर पूर्ण लोंबकळू नका, वजन बुटांवर ठेवा आणि टाच टेकवून चाला. एका साखळीवर एका वेळी दोघा-तिघांच्या वर नको, खालच्याने जोरात हिसडा मारला की वरच्याचा तोल जातो. लोखंड गार असतं, पातळ ग्रिपवाले हातमोजे घातले तर बरं. मी पहिल्यांदा लोकरीचे घातले होते, ते ओले झाले आणि साखळीवरून सटासट घसरायला लागले, पहिल्या टप्प्याच्या निम्म्यातूनच बसून बसून खाली आलो, पँटची मागची बाजू गेली ती गेलीच.

पहिला टप्पा चढलात की पुन्हा दरीत उतरायचं, मग दुसरा, मग पुन्हा उतार, मग तिसरा. म्हणजे परत येतानाही तुम्हाला दोनदा चढायचंय, हे लोक हिशेबात धरतच नाहीत आणि चारच्या सुमाराला रडकुंडीला येतात.

थांबा आणि तपासा: पहिल्या टप्प्यावरच कोणाचे पाय थरथरत असतील तर तिथूनच परत. उतरणं चढण्यापेक्षा अवघड आहे.

वर पठार आहे, टी बघत चाला. धोंड्याकडे उतरणाऱ्या घळीत जून-जुलैपर्यंत बर्फ राहू शकतो, तो टणक वाटला तर पाय ठेवू नका. धोंड्यावर उभं राहायचं की नाही? माझं मत स्पष्ट आहे, वारा नसेल, बूट आणि दगड कोरडे असतील, आणि आतून खरंच वाटत असेल तरच. रांगेत मागचे लोक वाट बघतायत म्हणून कोणी पाऊल टाकू नये. मी स्वतः धोंड्यापाशी दोनदा पोचलोय आणि दोन्ही वेळा पलीकडे बसून दुसऱ्यांचे फोटो काढून दिलेत.

टप्पा ८: फ्लोर्लीला गेलात तर एवढंच लक्षात ठेवा

पायऱ्या फक्त चढायला, उतरायला डोंगरातली वेगळी पायवाट आहे ती घ्या. फळ्या अरुंद आहेत, समोरून कोणी आलं तर अडचण होते, आणि ओल्या असताना उतरणं म्हणजे आ बैल मुझे मार. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी पुन्हा बघा, मोसमाप्रमाणे बदलतात, शेवटची चुकली तर बाहेर पडायला गाडीरस्ता नाही.

टप्पा ९: काही झालंच तर, आणि खाली आल्यावर

निघताना एका माणसाला सांगून ठेवा, कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत मेसेज येईल. ॲम्ब्युलन्स ११३, पोलीस ११२. फोनमध्ये हेल्प ११३ ॲप टाकून ठेवा, त्यातून फोन केला की तुमचं ठिकाण त्यांना कळतं. डोंगरातून सोडवून आणायचे पैसे इथे घेत नाहीत, त्यामुळे बिलाच्या भीतीने अंधार पडेपर्यंत थांबू नका, लवकर फोन करा. फोन केल्यावर जागेवरून हलू नका, सगळे कपडे घाला, बॅगेवर बसा, दगडावर नाही.

आणि खाली पोचलात की गाडीत बसायच्या आधी तो मेसेज टाका. परवाच एक ग्रुप खाली येऊन मस्त पिझ्झा खात बसला होता आणि मी इकडे रात्री साडेदहाला ११२ लावू की नको करत खिडकीत उभा.